पेन्सिल सेलवरचा कॅमेरा : कॅनन पॉवरशॉट ए५१०, वीस वर्षांनंतर

माझी भाची पुण्याला कॉलेजात आहे. गेल्या दिवाळीत साताऱ्याला आली आणि आल्याआल्या विचारलं, "मावशी, तुझा तो जुना डिजिटल कॅमेरा अजून आहे का गं? आमच्या ग्रुपमधल्या मुली असले कॅमेरे शोधत फिरतायत." मी कपाटाच्या वरच्या खणातून डबा काढला, दोन चार्ज केलेले सेल घातले आणि वरचं बटण दाबलं. भिंग पुढे आलं, पडदा उजळला. इतक्या वर्षांत कंपनीचं असं त्याला मी काहीही विकत आणलेलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं की या कॅमेऱ्याबद्दल नीट लिहायचं. जुना कॅमेरा घ्यायचा विचार करणाऱ्यांना उपयोग होईल, आणि त्याचं माझ्यावर तेवढं ऋणही आहे.

कॅनन पॉवरशॉट ए५१०. २००५ साली बाजारात आलेला, कंपनीच्या त्या वर्षीच्या सगळ्यात साध्या कॅमेऱ्यांपैकी एक. ३.२ मेगापिक्सेल, चौपट झूम, १.८ इंचाचा पडदा, दोन पेन्सिल सेल (एए मापाचे). वजन सेल सोडून साधारण १८० ग्रॅम. त्याच्या जोडीला ए५२० होता, तो ४ मेगापिक्सेलचा. मी तेव्हा साताऱ्यातल्या एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत होते आणि ए५१० च्या किमतीतच माझा त्या महिन्याचा पगार बहुतेक संपला. वरचे पैसे घालून ए५२० घेणं शक्य नव्हतं, आणि त्याची रुखरुख मला पुढे कधी लागली नाही.

कॅमेरा हवा होता तो कास पठारासाठी. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून साधारण पंचवीस किलोमीटर. तेव्हा जागतिक वारसा वगैरे काही नव्हतं, ते २०१२ ला झालं. बामणोलीच्या एसटीत बसायचं, पठारावर उतरायचं आणि परतीची गाडी येईपर्यंत जांभ्यावर गुडघे टेकून फुलं बघायची. त्याआधी माझ्याकडे रोलचा कॅमेरा होता. छत्तीसचा रोल घातला की दहा-बारा फोटो फुलांचे व्हायचे, मग तो रोल संपायची वाट बघायची. कुणाचं तरी बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन, असं करत सप्टेंबरातली फुलं डिसेंबरात धुऊन हातात यायची. तोवर कोणतं फूल कधी, कुठल्या डबक्याकाठी दिसलं होतं, ते मी विसरलेली असायची. अर्ध्या फोटोंत फूल धूसर आणि मागचं गवत स्पष्ट, आणि ते कळायचं तीन महिन्यांनी. पुढच्या पावसाळ्यापर्यंत चूक सुधारायची सोय नाही.

या कॅमेऱ्याने तिथल्या तिथे फोटो दाखवला आणि प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख-वेळ लिहून ठेवली. मला मोलाचं वाटलं ते हे दुसरं. दवबिंदू नावाची वनस्पती पहिल्यांदा कधी दिसली, सोनकीने पठार पिवळं केलं तो आठवडा कोणता, चवर कधी फुलली, हे मी वहीत लिहायची, पण वही पावसात भिजायची. २००५ नंतरच्या माझ्या नोंदी फोटोंच्या तारखांवरून लागतात. वर्गात फळ्यावर मी त्या तारखा लिहायची आणि मुलं विचारायची, "बाई, यंदा आठ दिवस उशिरा का?" त्यातून पावसाबद्दल, जांभ्यावरच्या मातीच्या पातळ थराबद्दल बोलणं निघायचं.

दुकानदार मला दुसरा, चपटा, चकचकीत कॅमेरा देऊ पाहत होता. स्वतःची खास बॅटरी असलेला, खिशात मावणारा. दिसायला तो फार सुंदर होता. माझं लक्ष गेलं ए५१० च्या वरच्या चकतीकडे. तिच्यावर हिरवा ऑटो होता, माणूस-डोंगर अशी चित्रं होती आणि त्याखेरीज पी, टीव्ही, एव्ही, एम ही अक्षरं होती. पी वर ही दोन्ही कॅमेरा ठरवतो, पण उजेड कमी-जास्त करणं आपल्या हातात. टीव्ही म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा, एव्ही म्हणजे भिंगाचं तोंड (अ‍ॅपर्चर) किती उघडायचं ते आपण ठरवायचं, एम म्हणजे दोन्ही. इतक्या स्वस्त कॅमेऱ्यात हे देणं मला आजही फार उदार वाटतं. शटर १५ सेकंदांपासून १/२००० सेकंदापर्यंत. पावसाळ्यात ठोसेघरच्या धबधब्यासमोर दगडावर कॅमेरा टेकवून, आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) ५० आणि तोंड सगळ्यात बारीक करून मी अर्ध्या सेकंदाचा फोटो काढला आणि पाण्याची मऊ शाल झालेली पाहिली, तो दिवस लख्ख आठवतो. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ या तिघांचं नातं मला कुठल्या क्लासने शिकवलं नाही. या चकतीने शिकवलं.

आता मॅक्रोविषयी, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोंविषयी, कारण माझा नव्वद टक्के वापर तोच.

फुलाचं चिन्ह असलेलं बटण दाबलं की हा कॅमेरा पाच सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो. पाच सेंटिमीटर म्हणजे दोन पेरं. अट एवढीच की झूम करायचा नाही. झूम केलात की ती जवळीक गेली, मग तीस सेंटिमीटरच्या आत तो फोकस धरत नाही. दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती कासवर ओल्या कातळाच्या कडेला उगवते. पानावरचे लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. पान बोटाच्या पेराएवढं. रोलच्या कॅमेऱ्याने ती मला कधीच पकडता आली नव्हती. ए५१० ने पहिल्याच पावसाळ्यात असा फोटो दिला, की त्यात एका थेंबाला चिकटलेल्या चिलटाचे पायसुद्धा मोजता येतात.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे रोलच्या जागी प्रकाश टिपणारा आतला तुकडा, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. सेन्सर लहान म्हणून भिंगाची खरी लांबीही लहान, आणि त्यामुळे फोटोत पुढचं-मागचं बरंच काही एकाच वेळी स्पष्ट येतं. चेहऱ्यामागची बाग धूसर करायची असेल तर हा कॅमेरा निराश करेल, ते त्याला जमत नाही. पण वनस्पती ओळखायची असेल तर फुलाबरोबर देठ, पान, केस सगळं स्पष्ट लागतं. मोठा, महागडा कॅमेरा घेऊन आलेले लोक पठारावर फुलाची एकच पाकळी स्पष्ट असलेले देखणे फोटो काढायचे. माझे फोटो तेवढे देखणे नसायचे, पण त्यांवरून जात ओळखता यायची.

अडचणीही इथल्याच. इतक्या जवळून कॅमेऱ्याची स्वतःची सावली फुलावर पडते. उन्हात हे फार जाणवतं, ढगाळ दिवशी नाही. म्हणून मी मुद्दाम आभाळ भरलेला दिवस निवडायची. वर डोळा लावायची खिडकी आहे, ती लांबच्या दृश्याला उत्तम, सेलही वाचतात. मॅक्रोत मात्र तिच्यात डोकावू नका. ती भिंगाच्या शेजारी बसवलेली आहे, त्यामुळे दोन पेरांवरचं फूल खिडकीत मध्यभागी दिसतं आणि फोटोत चौकटीबाहेर जातं. मॅक्रोला पडदाच. आणि हा पडदा लहान, उन्हात नीट दिसत नाही, म्हणून मी पदराखाली डोकं घालून बघायची. जुन्या स्टुडिओतला फोटोग्राफर काळ्या कापडाखाली जायचा तसं.

पांढऱ्या आणि जांभळ्या फुलांचं वेगळं तंत्र बसवावं लागलं. गेंद म्हणजे पांढऱ्या बटणासारखं फूल, मागे काळपट ओला कातळ. कॅमेरा कातळ पाहून प्रकाश ठरवतो, आणि गेंदाचा नुसता पांढरा ठिपका उरतो, आतलं काही दिसत नाही. उपाय सोपा. पी वर ठेवून उजेड मुद्दाम दोन-तृतीयांश पायरीने कमी करायचा (एक पायरी कमी म्हणजे उजेड निम्मा). गेंद असेल तर पूर्ण एक पायरी. कातळ आणखी काळा येतो, येऊ दे. सीतेच्या आसवांचा जांभळा रंग ऑटोवर निळसर येतो, टोपली कारवीचाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंगांचा तोल, 'ढगाळ' वर टाकला की पुष्कळ सुधारतो, पण डोळ्यांनी दिसतो तो जांभळा काही शेवटपर्यंत माझ्या हाती लागला नाही. तेरडा, सोनकी, कवळा यांचा त्रास नाही. कवळा म्हणजे ते पिवळं, दोन लाल टिपक्यांचं, ज्याला पर्यटक मिकी माऊस म्हणतात.

हलत्या गोष्टींसाठी हा कॅमेरा नाही. त्या पिढीतल्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यांची ती सर्वसाधारण मर्यादा होती : बटण दाबल्यावर आधी फोकस शोधणार, मग फोटो. तेवढ्यात फुलपाखरू उडालेलं असतं. मी नंतर असं करायला लागले. फुलपाखरू ज्या फुलावर येणार त्या फुलावर बटण अर्धं दाबून फोकस धरायचा आणि बोट तसंच ठेवून थांबायचं. आलं की उरलेलं अर्धं दाबायचं, फोटो लगेच निघतो. बोट अवघडतं. वर्गातल्या मुलांना मी हेच पहिलं शिकवायची, आणि एका सहलीत सातवीतल्या एका मुलाने याच पद्धतीने तेरड्यावरची मधमाशी टिपली. तो फोटो शाळेच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं लावलेला होता.

सेलबद्दल सविस्तर सांगते, कारण जुना कॅमेरा घेणाऱ्याचं नशीब इथेच ठरतं.

घड्याळात, रिमोटमध्ये घालतो ते साधे सेल यात चालत नाहीत. पाच-सात फोटो होतात आणि कॅमेरा मान टाकतो. भिंग पुढे ढकलायला आणि फ्लॅश भरायला एका दमात जो जोर लागतो तो त्या सेलांत नसतो. अल्कलाइन सेल चालतात, पण माझ्याकडे त्यावर कधी शंभर फोटो झाले नाहीत. चार्ज करता येणारे निकेल मेटल हायड्राइड सेल घ्यावेत. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि साध्या सेलवर १.५, म्हणून लोकांना ते कमजोर वाटतात. प्रत्यक्षात जोर पडला तरी त्यांचा दाब टिकून राहतो. माझे अडीचशे-तीनशे फोटो एका चार्जवर व्हायचे, फ्लॅश न वापरता. सुरुवातीच्या सेलांना एक खोड होती : चार्ज करून ठेवले तरी महिनाभरात आपोआप उतरायचे. कासला पोचल्यावर कॅमेरा बंद, असं माझं दोनदा झालं आणि एकदा तर ऐन बहरात. २००५ च्या शेवटी सान्योने एनेलूप काढले, चार्ज धरून ठेवणारे. ते मला बरेच उशिरा मिळाले. आता त्या प्रकारचे सेल सहज मिळतात, तेच घ्या.

त्या वेळच्या चपट्या, चकचकीत कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या फुगल्या, मेल्या, आणि नव्या मिळेनात, म्हणून ते कॅमेरे धडधाकट असूनही बंद पडून आहेत. माझ्या दोन मैत्रिणींकडे असे आहेत. ए५१० ला लागतात ते सेल आजही आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात टांगलेले असतात. कासहून परतताना सेल संपले आणि यवतेश्वरच्या टपरीवर अल्कलाइनची जोडी मिळाली, असंही झालंय. घेताना मला हे शहाणपण होतं असं म्हणणार नाही. बॅटरी महाग पडेल या भीतीने मी पेन्सिल सेलवाला घेतला होता.

कार्डाचं मात्र उलट आहे. कॅमेऱ्याबरोबर १६ एमबीचं कार्ड आलं होतं. सगळ्यात चांगल्या दर्जाचा एक फोटो दीड एमबीच्या वर, म्हणजे दहासुद्धा बसत नव्हते. मी वेगळं १२८ एमबीचं घेतलं आणि स्वतःला फार श्रीमंत समजले. आज अडचण अशी की हा कॅमेरा जुन्या पद्धतीचं एसडी कार्डच वाचतो. २००६ पासून आलेली एसडीएचसी, म्हणजे ४ जीबी आणि त्यावरची कार्डं, याला समजत नाहीत. दुकानात आता ३२ जीबीच्या खाली सहसा काही दाखवत नाहीत. २ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड शोधावं लागतं. कुणाच्या घरी जुन्या फोनबरोबरचं, अ‍ॅडॅप्टरमध्ये बसणारं लहान कार्ड पडलेलं असतं, ते चालून जातं. त्यावर २ जीबी किंवा कमी लिहिलेलं आहे एवढं बघा. फोटो उतरवायला वायरीपेक्षा कार्ड रीडर बरा. वायरीने उतरवताना चहा करून प्यायला वेळ मिळतो.

३.२ मेगापिक्सेल पुरतात का, हे मला सगळे विचारतात. त्यासाठी एक फोटो सांगते. २००६ चा मार्च. आई माझ्याकडे राहायला आली होती आणि सकाळी खिडकीशी बसून मटार सोलत होती. फ्लॅश लावला असता तर ती दचकून सावरून बसली असती. मी एव्हीवर भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं, एफ २.६, आयएसओ १००, आणि कॅमेरा दाराच्या चौकटीला टेकवून एक फोटो काढला. एका बाजूने उजेड, चष्मा नाकावर घसरलेला, परातीत हिरवे दाणे. तो मला आठ बाय दहाचा मोठा करून हवा होता. स्टुडिओवाला म्हणाला, "बाई, तीन मेगापिक्सेलचा आहे, फाटेल." मी घरी हिशेब केला. फोटोची रुंदी २०४८ ठिपके, दहा इंचांना वाटले तर इंचाला दोनशेच्या वर. काढा म्हटलं. तो फोटो माझ्या बैठकीत आहे. हातभर अंतरावरून आईच्या भुवईचे पांढरे केस दिसतात. भिंतीवर लावायला, पुस्तकात छापायला, फोनवर बघायला एवढं पुरतं. यात जर फोटोचा पाव तुकडा कापून मोठा करायचा असेल तर नाही पुरत, म्हणून चौकट काढतानाच नीट धरावी.

छापायला देताना आणखी एक लक्षात ठेवा. कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन या मापाचा असतो, आणि चार बाय सहाचा कागद त्याहून लांबट. यंत्र वरून-खालून कापतं. आमच्या घरच्या मुंजीच्या फोटोंत सगळ्या उंच माणसांच्या टाळूवर कात्री चालली. डोक्यावर थोडी जागा सोडून फोटो काढायची सवय लावून घ्या.

रात्रीच्या फोटोंना मी पैकीच्या पैकी देणार नाही. आयएसओ ४०० वर फोटोवर रवा सांडल्यासारखं दिसतं. फ्लॅश तीन मीटरच्या आसपास पोचतो, त्यापलीकडे अंधार, आणि दोनच सेल असल्याने पुढच्या फ्लॅशला थांबावं लागतं. मंगल कार्यालयात हा कॅमेरा नेऊ नका. व्हिडिओही जुजबी. आजच्या मुलींना त्या फ्लॅशचा भगभगीत चेहरा आणि काळी पार्श्वभूमीच आवडते म्हणे. भाचीने तिच्या मैत्रिणींचे तसे फोटो दाखवले आणि ते मलाही आवडले, त्यात एक ताजेपणा होता.

दोन दुखणी माझ्या हातून झाली. एकदा कॅमेरा कातळावर पडला आणि सेलच्या झाकणाची खिट्टी तुटली. तेव्हापासून जाड रबरबँड लावलेला आहे, काम चालतं. दुसरं, साताऱ्याच्या पावसाळ्यात त्याला नुसत्या रेग्झिनच्या पाकिटात ठेवलं आणि भिंगात बुरशीचा कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा दिसू लागला. दुरुस्तीवाल्याने खोलून पुसून दिलं, पण कडेला एक डाग राहिला. आता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते. आणि सेल काढून. सेल आत ठेवले तर कधीतरी गळतात आणि पत्र्यांवर हिरवट थर चढतो. जुना कॅमेरा विकत घेताना म्हणूनच आधी झाकण उघडून पत्रे बघा, मग भिंग पुढे-मागे नीट सरकतंय का बघा, मग बाकीचं.

एक नुकसान मात्र भरून आलं नाही. २००७ आणि २००८ चे फोटो मी सायबर कॅफेतून दोन सीड्यांवर उतरवून घेतले आणि जागा हवी म्हणून संगणकावरून काढले. पाच-सहा वर्षांनी सीड्या लावल्या, तर एक अजिबात उघडली नाही आणि दुसरीतले निम्मे फोटो अर्धे करडे. त्या दोन पावसाळ्यांच्या नोंदी गेल्या. मला त्याचं अजून वाईट वाटतं. रोलच्या निगेटिव्ह अजून ट्रंकेत शाबूत आहेत. डिजिटल फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि दर दोन-तीन वर्षांनी उघडून बघा.

या सप्टेंबरात भाची मैत्रिणींना घेऊन कासला गेली. मी तिला कॅमेरा दिला, चार सेल दिले, आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं : पी वर, उजेड दोन-तृतीयांश पायरी कमी, झूम नाही, कातळावर कोपर टेक, फुलावर पाय नको. संध्याकाळी फोनवर तिने एक फोटो पाठवला. सीतेची आसवं, सोळा-सतरा फुलं, मागे डबक्यातलं आभाळ. जांभळा रंग माझ्यापेक्षा तिला चांगला साधला होता. मी फाइल मागवून घेतली आणि तपशील उघडून पाहिला. इतके महिने सेल काढून ठेवल्याने आतलं घड्याळ पुसलं गेलं होतं आणि फोटोवर कुठल्यातरी जुन्या वर्षाची तारीख पडली होती. तिला लगेच फोन केला.

"फोटो सुरेख आलाय गं. पण आधी तारीख लाव. उद्या सकाळी पुन्हा पठारावर जाणार आहात ना, त्याच्या आत लाव."